पंखाखालची चीर

माझ्या ताईमावशीचं पेन्सिलीशी कधी जमलं नाही. किराणाची यादी करायला पेन्सिल ठीक. पण कागदातून काही कापायचं असलं की ती तिला टेबलावरसुद्धा नको असायची. "आधी रेघ मारायची आणि मग त्या रेघेचं बोट धरून चालायचं, याला काय कापणं म्हणतात?" असं तिचं मत. डाव्या हातात कागद, उजव्या हातात कात्री आणि तोंड मोकळं. तिच्या कात्रीखालून वेल निघे, पानं निघत, फांदीवर मान वळवून बसलेला पक्षी निघे, आणि हे होत असताना नात्यातल्या निम्म्या माणसांचे पंखही कापून होत. समोरच्याचा चहा निवायच्या आत दोन्ही कामं आटोपलेली असायची.

ती पांढऱ्या कागदाची नक्षी गडद निळ्या कार्डावर चिकटवली जायची आणि ज्याच्या त्याच्या घरी पोचायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणी नवं घर घेतलं, कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलं, की ताईमावशीचं कार्ड हजर. आमच्याकडे मूल जन्मलं की दाखला सावकाश यायचा, कार्ड आधी.

आता इतकी वर्षं इतकं कौतुक झाल्यावर माणूस थोडा ताठ होणारच. माझ्या बायकोने एकदा कुणाला तरी दुकानातून आणलेलं कार्ड दिलं. ताईमावशीने ते हातात घेतलं, उलटलं, मागे छापलेलं कंपनीचं नाव वाचलं आणि म्हणाली, "छान आहे हो." त्या 'हो'मध्ये जे काही होतं ते माझी बायको अजून विसरलेली नाही.

या ताठपणाचा सगळ्यात जुना बळी म्हणजे तिची धाकटी बहीण, आमची बेबीमावशी. साठी आली तरी बेबीच. लहानपणी तिने एकदा हौसेने कात्री हातात घेतली तेव्हा ताईमावशीने जागच्या जागी निकाल दिला होता: "बेबी, तुझा हात जड आहे." बेबीमावशीने त्यावर अपील केलं नाही. टेलिफोनच्या कचेरीत तिने उभी नोकरी केली, नवरा गेल्यावर घर एकटीने सांभाळलं, पण सदऱ्याचं बटण तुटलं तरी "माझा बाई हात जड" म्हणून शेजारणीकडे जायची. ताईने सांगितलं म्हणजे हात जड. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

पुढे ताईमावशीचा अंगठा दुखायला लागला. आधी थंडीत, मग बारा महिने. कात्री धरली की सांध्यातून कळ निघायची आणि हात थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, "कात्रीला आता सुट्टी द्या." ताईमावशी बाहेर येऊन नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना म्हणाली, "यांचं अक्षर बघितलंत? हे मला हाताबद्दल सांगणार!"

पण हात ऐकेना, हे खरं. नेमकी तेव्हाच बेबीमावशीच्या निवृत्तीची तारीख आली. धाकट्या बहिणीचा निरोपसमारंभ आणि ताईचं कार्ड नाही, असं कसं चालेल? ताईमावशी आठवडाभर कापत होती आणि फाडत होती. पक्ष्याची मान कापायला जावं तर त्याचं डोकंच उडायचं. काका म्हणाले, "अगं, डोकं नसलेला चालेल. सरकारी नोकरीचा निरोप आहे." तिला हसू आलं नाही.

कपाटावर तेव्हा एक खोकं पडून होतं. परगावी असलेल्या लेकीने पाठवलेलं. "आई, मजा म्हणून बघ," एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. आत कागद कापायचं विजेचं यंत्र. पावाच्या डब्याएवढं, पुढे काडेपेटीएवढा स्क्रीन. स्क्रीनवर चित्र निवडायचं, चिकट मॅटवर कागद दाबून बसवायचा, मॅट यंत्राच्या तोंडाशी धरायची, बटण दाबायचं. आतलं पातं खुर्र करून इकडून तिकडे धावतं, मॅट पुढेमागे होते आणि कागद कापून बाहेर. "मजा म्हणून" आलेल्या या वस्तूकडे ताईमावशीने वर्षभर ढुंकून पाहिलं नव्हतं. आता तिने काकांना ते खाली काढायला लावलं. कडी लावून.

स्क्रीन वाचायचं काम काकांकडे आलं, कारण त्यांची सगळी नोकरी लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेच्या मीटरचे आकडे वाचण्यात गेलेली. तेही मग इथे मीटर वाचल्यासारखेच वाचू लागले. चष्मा कपाळावर, एक डोळा बारीक, आवाज सपाट. "कागद जाडा की पातळ, विचारतंय."

"त्याला काय करायचंय?"

"ते मी कसं सांगू? विचारतंय."

पहिल्यांदा 'जाडा' दाबला गेला आणि पात्याने कागदासकट मॅट कापली. दुसऱ्यांदा 'पातळ' बरोबर लागलं, पण ताईमावशीने कागद मॅटवरून ओढून काढला आणि तो सुरळी होऊन फाटला. मग त्यांना युक्ती कळली. कागद ओढायचा नाही, मॅट पालथी घालून मॅटच वाकवायची, कागद आपोआप सुटतो. सुटला. पानांच्या जाळीत बसलेला पक्षी, एकेक पीस वेगळं, कडा पाण्यासारख्या. दोघं त्याच्याकडे बघत बसले.

काका म्हणाले, "फारच नीट झालंय."

"मग?"

"तुझ्या हातचं वाटत नाही."

हे बोलून काकांनी जन्माची चूक केली, असं ते स्वतःच मला सांगतात. कारण ताईमावशीने थोडा वेळ विचार केला, कात्री उचलली आणि पक्ष्याच्या पंखाखाली टोकाने एक बारीकशी चीर मारली. तिरकी, किंचित वाकडी, हात सटकल्यासारखी. "आता?" काका म्हणाले, "आता वाटतंय."

निरोपसमारंभात ते कार्ड हातोहात फिरलं. साहेबांनी चष्मा बदलून बघितलं. "या वयात काय हात आहे तुमचा!" कुणीतरी म्हणालं. ताईमावशीला खरं बोलायला तिथे जागा होती. काका म्हणतात, तिने तोंड उघडलंही होतं. पण शेजारी बेबीमावशी उभी होती, डोळे पुसत, सगळ्यांना सांगत, "माझी ताई, बरं का. पेन्सिल लावत नाही कागदाला." आणि ताईमावशीच्या उघडलेल्या तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच: "असू दे, असू दे."

पुढचं सगळं त्या 'असू दे'च्या मागून आलं. कार्डं पुन्हा घरोघरी जायला लागली, मागण्या यायला लागल्या. यंत्र शिवणयंत्राच्या लाकडी झाकणाखाली लपलं. दारावर कुणी आलं की काका खोकायचे, ताईमावशी झाकण टाकायची. चोरट्या धंद्यातली जोडपी वागतात तशी ही दोन पेन्शनीत निघालेली माणसं वागायला लागली. दर कार्डाला शेवटी पंखाखाली चीर. न चुकता. एकदा बेबीमावशीने फोनवर विचारलं, "ताई, मागे कसला गं आवाज येतोय? कुरतडल्यासारखा?" ताईमावशी म्हणाली, "उंदीर असेल." दुसऱ्या दिवशी बेबीमावशी उंदराचा पिंजरा घेऊन दारात. मग पिंजरा लावणं आलं. काका रोज त्यात पावाचा तुकडा ठेवायचे आणि रोज शिळा झालेला काढायचे. "असला हुशार उंदीर मी बघितला नाही," असं बेबीमावशी सगळीकडे सांगत होती.

इथवर हसण्यासारखं होतं. काकाही सांगताना इथवर हसतात.

निवृत्तीनंतर बेबीमावशीला दिवस खायला उठला. एका दुपारी ती बहिणीकडे आली, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता, दाराशी, चपलेत पाय घालता घालता म्हणाली, "ताई, मला शिकवशील? कापायला? हात जड आहे माहितीये मला. पण आता वेळ आहे."

साठ वर्षांच्या बाईने इतक्या भीत भीत काही मागितलेलं मी ऐकलेलं नाही. ताईमावशीने तिला समोर बसवून शिकवायचं म्हणजे कात्री हातात धरायला हवी. धरली की हात थरथरणार, आणि थरथरला की बेबी विचारणार, मग ही कार्डं कोण कापतं? तेव्हा ताईमावशीने कपाटातून एक तयार कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "हे घेऊन जा. हे तसंच्या तसं काप. जमलं की ये, मग पुढचं."

"तसंच्या तसं?"

"तसंच्या तसं."

म्हणजे यंत्राने कापलेली जाळी, आणि ती कापायची लहानपणानंतर कात्री न धरलेल्या बाईने. हा धडा नव्हता. बहिणीला घरापासून लांब ठेवायची सोय होती. चार दिवस खटपट करेल, कंटाळेल, विणकाम घेईल, असा ताईमावशीचा अंदाज. पण बेबीमावशीला आयुष्यात कुठल्याच गोष्टीचा कंटाळा आलेला नव्हता, आणि ताईने दिलेल्या कामाचा तर नाहीच.

ती कापत राहिली. अंगठ्याला फोड आला, चिकटपट्टी लावून कापत राहिली. मंगळवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बायकांचा हस्तकलेचा वर्ग भरतो. तिथेही ती कोपऱ्यात बसून हेच करायची. आणि संध्याकाळी फोन.

"ताई, आधी जाळी की आधी पक्षी?"

"आधी... जाळी."

"आणि ती पंखाखालची चीर? ती कधी मारतेस तू?"

"शेवटी," ताईमावशी म्हणाली. सगळ्या शिकवणीत तिने सांगितलेली ही एकच खरी गोष्ट. फोन ठेवून ती काकांवर विनाकारण ओरडली.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी रविवारी दुपारी सहज गेलो होतो. चहा झाला होता, काका वर्तमानपत्रात होते, तेवढ्यात बेबीमावशी आली. हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणि पिशवी. बसली नाही. पिशवीतून नवी कोरी म्हणावी अशी कात्री काढली, रुमालात गुंडाळलेली, आणि ताईमावशीपुढे ठेवली.

"ही राहू दे तुला. चांगल्या दुकानातली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पुरे झालं. तू लहानपणीच सांगितलं होतंस, मीच येडी. हात जड तो जडच. या वयात हसं करून घ्यायची हौस मला."

"अगं पण केलंस काय ते तरी दाखव," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी वर बघितलं.

"काय दाखवायचं, भावोजी? भंगार आहे." तरी तिने डबा उघडला.

डबा पक्ष्यांनी भरला होता. पांढरे, एकावर एक. तळातले कोंबडीसारखे होते, काही वटवाघळासारखे, एकाला तर मी चहाची किटली समजलो. पण वर वर येत गेलो तसे ते पक्षी होत गेले. मान वळायला लागली. पिसं सुटी झाली. सगळ्यात वरचा मी हातात घेतला आणि खिडकीशी धरला. मला कापण्यातलं काही कळत नाही, पण तो आता उडेल असं वाटून मी बोटं घट्ट केली, एवढं खरं.

"बेबीमावशी, हा तर..."

"हा सगळा आला रे. जाळीपण आली." ती माझ्या हातातून तो घेऊन ताईमावशीपुढे गेली. "पण हे बघ, ताई. ही चीर. हीच येत नाही. तुझी कशी सहज आहे, हात सुटल्यासारखी. मी मारली की मुद्दाम मारल्यासारखी दिसते. किती कागद घालवले मी या चिरेपायी! नुसत्या चिरा मारून बघितल्या, जुन्या वह्यांवर. नाही येत. आणि सगळी कला त्यातच आहे, हे मला दिसतंय ना. दिसतंय, म्हणून तर सोडते."

ताईमावशी त्या पक्ष्याकडे बघत होती. तिचे कान लाल झाले. मग गाल, मग गळा. मी तिला चिडलेली पाहिलंय, रडलेली पाहिलंय. अशी कधी नाही. मोठ्या माणसाला शरमलेलं बघू नये असं वाटतं, नजर कुठे ठेवावी कळत नाही. काका वर्तमानपत्रामागे खोकले. दारावर कुणी आल्यावर खोकायचे तसंच, सवयीने.

"खोकू नका," ताईमावशी म्हणाली. "आता कशाला खोकताय?"

ती उठली, कोपऱ्यात गेली आणि शिवणयंत्राचं झाकण उचललं. खाली शिवणयंत्र नव्हतंच. तिने एक कागद मॅटवर बसवला, दाबला, मॅट तोंडाशी धरली. तिला स्क्रीन नीट दिसेना. "अहो, वाचा," ती म्हणाली. काका उठले, चष्मा कपाळावर घेतला आणि अपराधी आवाजात वाचलं, "पक्षी, जाळीसकट. कागद पातळ. सुरू करायचं का, विचारतंय."

खुर्र. टक. खुर्र.

बेबीमावशी ऐकत राहिली. मग म्हणाली, "हा तर उंदीर आहे."

कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं आणि मी ते गिळलं. मॅट बाहेर आली. ताईमावशीने ती पालथी घालून वाकवली, कागद सुटला. तोच पक्षी, तीच मान, तीच जाळी. तिने तो बेबीमावशीच्या पक्ष्याशेजारी ठेवला. पंखाखाली चीर नव्हती.

"माझ्या निरोपाचं कार्ड?" बेबीमावशीने विचारलं. ते तिच्या पलंगासमोर फ्रेम करून लावलेलं आहे.

"यावरच."

"आणि चीर?"

"ती माझी," ताईमावशी म्हणाली. "तेवढीच माझी. कार्ड हातचं वाटावं म्हणून मारत होते. अंगठा चालत नाही, बेबी. कात्री धरवत नाही."

बेबीमावशी खुर्चीत बसली. मला वाटलं आता रडेल, पण तिने डब्यातले पक्षी एकेक करून नीट रचायला सुरुवात केली.

"अंगठा चालत नाही हे सांगायला काय झालं होतं तुला?" ती म्हणाली. "मी काय तुझा अंगठा कापणार होते? आणि हे कापायला दिलंस मला! तसंच्या तसं! मला वाटायचं, माझ्या हातातच काहीतरी कमी आहे. मी रात्री हाताकडे बघत बसायचे गं."

"माफ कर," असं ताईमावशी पुटपुटली, पण ते इतकं हळू की तिचं तिलाच ऐकू गेलं असेल.

बेबीमावशीने डबा बंद केला, उठली, कात्री रुमालात गुंडाळली आणि परत पिशवीत टाकली. "पिंजरा द्या माझा, भावोजी," ती म्हणाली. काकांनी पळत जाऊन पिंजरा आणला. पावाचा तुकडा आतच राहिला. दारात तिने मागे वळून विचारलं, "मंगळवारी वर्गात तू सांगतेस की मी सांगू?"

"मी," ताईमावशी म्हणाली.

त्या मंगळवारी तिच्या आग्रहावरून मीच ते यंत्र उचलून वाचनालयाच्या जिन्यावरून वर नेलं. पुढे ताईमावशी, फाशीच्या तख्ताकडे निघाल्यासारखी, एकेक पायरी कठड्याला धरून. तिने टेबलाशी उभं राहून सगळं सांगितलं. निरोपाच्या दिवसापासून. काही वगळलं नाही, चीरसुद्धा नाही.

मग पहिल्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "अय्या, याची मॅट वेगळी मिळते का हो?" दुसऱ्या म्हणाल्या, "नावं कापता येतात? बरण्यांना लावायला?" घोळका यंत्राभोवती जमला. ताईमावशी बाजूला पडली. तिने शिक्षेची तयारी केली होती आणि कुणाला शिक्षा द्यायला सवडच नव्हती. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शिक्षा मिळाली ती न मागता. ग्रंथपालबाईंनी पाकिटातून एक जुनं, पिवळं पडलेलं कार्ड काढलं. त्यांच्या मुलाच्या जन्माच्या वेळचं, जपून ठेवलेलं. त्यांनी ते उजेडात धरलं, यंत्राकडे पाहिलं आणि अगदी सहज, काही वाईट मनात न ठेवता विचारलं, "मग हेही यावरचंच का हो?"

"नाही," ताईमावशी म्हणाली, "ते..." आणि थांबली. यंत्र निघालंही नसेल तेव्हाचं कार्ड ते. पण तिच्या तोंडचं 'नाही' आता कुणाला कशाला खरं वाटावं, हे तिला त्याच क्षणी कळलं असावं. तिने हात मागे घेतला.

"ते हातचं आहे," कोपऱ्यातून आवाज आला. बेबीमावशी मान खाली घालून कापत होती; तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "डावीकडचं पान बघा, वाकडं गेलंय. यंत्र असं वाकडं जात नाही."

ताईमावशी हळूहळू त्या कोपऱ्यात गेली. शेजारच्या खुर्चीवर नुसती बेबीमावशीची पिशवी होती, पण तिने ती सोडून पलीकडची घेतली. हात मांडीवर ठेवले. रविवारपासून दोघींचं बोलणं नव्हतं. बेबीमावशी आज जाळीच्या नादी लागलेली नव्हती; एक साधं गोल पान कापत होती, आणि वळणावर आली की कात्री अडायची, कागद चुरगळायचा, ती पुन्हा मागे यायची. एकदा झालं. दोनदा झालं.

ताईमावशीला राहवेना. "कात्री वळवू नकोस," ती हळूच म्हणाली. "कात्री आहे तिथेच धर. कागद फिरव."

बेबीमावशीने कात्री थांबवली. डाव्या हाताने कागद फिरवला. पातं त्या वळणावरून न अडता निघून गेलं. तिने पान बघितलं, मग बहिणीकडे.

"हे तुला आधी सांगता आलं नसतं?"

"आलं असतं," ताईमावशी म्हणाली. तिची मान खाली होती.

बेबीमावशीने नवा कागद घेतला. मधल्या खुर्चीवरची स्वतःची पिशवी उचलून खाली ठेवली. बस म्हणाली नाही. ताईमावशीही लगेच सरकली नाही. समोर यंत्र कुणाचं तरी नाव कापत होतं, त्याच्याभोवती हशा चालला होता, आणि इकडे कागद फिरत होता.